'आईकडून बाळाला' म्हणताना बाप कुठे जातो?



पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालं की खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडतो आणि थोड्या वेळात शिवरे येतं. भोर तालुका. हायवेवरून जाणाऱ्याला गाव दिसत नाही, पाटी दिसते. गेल्या महिन्यात तिथे एका घराच्या ओसरीवर बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. माझ्यासोबत आमच्या एक कार्यकर्त्या ताई होत्या. जमलेल्यांत दोघी गरोदर होत्या, म्हणून हिशेब संपल्यावर ताईंनी विषय काढला: आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून काय करतात, माहीत आहे का?

कुणी काही बोललं नाही. मग त्यातली एक म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात रक्त काढलं व्हतं. चार बाटल्या भरल्या. कशाकशाचं तपासलं ते कार्डावर लिवलं आसंल." आणि तिने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढून पुढे केलं. मी ते न उघडता परत दिलं. त्या कार्डावर काय लिहिलंय ते वाचायचा पहिला हक्क तिचा. पण कशाची तपासणी झाली आणि निकाल काय आला, हे तिला कुणीच समजावून सांगितलं नव्हतं.

मी बोलायला लागलो. दहा मिनिटं झाली असतील. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी मध्येच विचारलं, "दादा, वैनींची तपासणी झाली आसंल ना बाळाच्या येळंला?"

"झाली की."

"आन् तुमची?"

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, आरोग्याच्या प्रश्नावर वस्त्यांमध्ये काम करतो, एक डिसेंबरच्या रॅलीत फलक धरून चालतो. माझी तपासणी झालेली नव्हती. बायकोच्या प्रत्येक तपासणीला मी सोबत होतो, बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि मीही उठून गेलो नाही.

हा लेख त्या मावशींच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर आहे. तिथे ओसरीवर मला ते देता आलं नाही.

आपल्याकडे या विषयावर जे काही लिहिलं जातं ते एका ठराविक वाक्यापाशी येऊन थांबतं: 'ग्रामीण गरोदर महिलांमध्ये जागृतीचा अभाव आहे.' नर्सिंग कॉलेजचे प्रबंध घ्या, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल घ्या. प्रश्नावली तयार करायची, दवाखान्याच्या रांगेतल्या बायकांना गाठायचं, विचारायचं की संसर्ग कोणत्या मार्गांनी होतो, औषध कधी सुरू करायचं, अंगावरचं दूध चालतं का. गुण मोजायचे. बाई नापास. शिफारस: जागृती वाढवावी. यातल्या कित्येक अहवालांत नवऱ्याला एकही प्रश्न विचारलेला नसतो. ज्याला प्रश्न विचारला जात नाही तो कधी नापास होत नाही, एवढं साधं गणित आहे. संशोधन पद्धतीच्या तासाला नमुना निवडीबद्दल मीही पानंच्या पानं लिहिली होती, पण नमुन्यात कोण घेतलाच नाही यावरून दोषी कोण ते ठरतं, हे मला शिवऱ्याच्या ओसरीवर कळलं.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. जगभर या कार्यक्रमाला 'आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणे' असं म्हणतात. भारत सरकारने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने म्हणजे नॅकोने मात्र इथे नाव ठेवताना 'आई' हा शब्द काढून 'पालक' घातला. पीपीटीसीटी या पाच अक्षरांतला दुसरा 'पी' म्हणजे पॅरेंट. पालकांकडून बाळाला. कारण उघड आहे. आपल्याकडच्या बहुतेक विवाहित बायकांपर्यंत हा विषाणू नवऱ्याकडून पोचतो, आणि बाळाच्या संसर्गाचा दोष एकट्या आईच्या कपाळी लिहू नये. चांगला विचार होता. पण तो 'पालक' दिल्लीच्या कागदावरून निघाला आणि उपकेंद्रापर्यंत येईतो वाटेत त्यातला बाप गळून गेला. भिंतीवरच्या पोस्टरवर 'आईकडून बाळाला'. भाषणात 'आईकडून बाळाला'. मीही त्या दिवशी शिवऱ्यात तेच शब्द वापरत होतो.

हे पुणे जिल्ह्यात बसून तरी आपण विसरायला नको होतं. नव्वदच्या दशकात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. तो १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. देहविक्री न करणाऱ्या, बहुतांश विवाहित बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. त्यांच्यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता, तो म्हणजे नवरा. तोपर्यंत सरकार, वर्तमानपत्रं आणि तुमचे-आमचे शेजारी समजत होते की हा रोग बुधवार पेठेतला आहे. तो घराघरात, मंगळसूत्राच्या आड होता.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना माहीत आहे. देशात एचआयव्ही किती पसरलाय याचा अंदाज सरकार कित्येक वर्षं कशावरून बांधत होतं? गरोदर बायकांच्या रक्तावरून. सेंटिनल सर्वेक्षण म्हणतात त्याला. ठराविक दवाखान्यांत गरोदर बाईचं इतर तपासण्यांसाठी काढलेलं रक्त उरलं की त्यावरचं नाव काढून टाकायचं आणि एचआयव्हीसाठी तपासायचं. निकाल कुणाचा ते कुणालाच कळत नसे, त्या बाईलाही नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने पद्धत बरोबर असेल, मी त्या वादात पडत नाही. पण चित्र डोळ्यासमोर आणा. सगळ्या समाजाचा ताप मोजायचा तर थर्मामीटर लावला गरोदर बाईच्या दंडाला.

आणि औषधाचं काय? २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. इथिओपिया, युगांडा आणि भारत. त्यातला भारत म्हणजे आपल्या पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ससूनचा परिसर. प्रश्न असा होता की अंगावर पिणाऱ्या बाळाला नेव्हिरापिनचा जन्मानंतरचा एकच डोस द्यावा की सहा आठवडे रोज द्यावा. सहाव्या आठवड्यापर्यंत एका डोसवाल्या बाळांत ५.३ टक्के, तर रोज औषध मिळालेल्या बाळांत २.५ टक्के संसर्ग आढळला. आज बाळांना आठवडेच्या आठवडे औषध पाजतात, त्यामागे अशा अभ्यासांचा आधार आहे. म्हणजे जगाला जे ज्ञान मिळालं त्यातलं काही पुण्याच्या आयांनी आणि त्यांच्या तान्ह्या बाळांनी दिलं. आणि त्याच जिल्ह्यातल्या बाईला आपण म्हणतो, तुझ्यात जागृती नाही.

जागृती नको असं मी म्हणत नाही. हवीच. पण कशाची, ते नीट बोलू या.

काहीच उपचार झाले नाहीत तर एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे उपचार नसतानाही निम्म्याहून जास्त बाळं सुटतात. उपचार वेळेवर मिळाले तर ती शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. भारतात १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्ही बाधित गरोदर बाईला, तिची प्रतिकारशक्ती कितीही असो, आयुष्यभराचे एआरटी उपचार मोफत देण्याचं धोरण आहे. गोळी रोज घ्यायची. बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू करायचं आणि निदान सहा आठवडे द्यायचं. सहाव्या आठवड्याला बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी, पुढे सहा महिने, बारा महिने, आणि अठरा महिन्यांना पक्का निकाल. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझर करावं लागत नाही. गोळ्या नियमित असतील तर अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध.

या 'फक्त' शब्दावर आपल्या घरांत गाडी अडते. बाळ जन्मलं की मध चाटवायचा, आठवड्याभरात सहाणेवर बाळगुटी उगाळायची. आजी प्रेमानेच करते. पण पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधासोबत वरचं काही सुरू केलं की बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होऊन संसर्गाचा धोका वाढतो. आता सांगा, ही माहिती कुणाला हवी? बाळंतिणीला तर हवीच, पण सहाण कुणाच्या हातात आहे? 'गुटी नको' असं सुनेने म्हटलं की पहिला प्रश्न येणार: का गं? आणि त्या 'का'चं खरं उत्तर दिलं तर ती त्या घरात उद्या राहील का, याची खात्री नाही. तिला सगळं ठाऊक असूनही ती गप्प बसेल आणि गुटी पाजली जाईल. प्रश्नावलीत तिचे गुण पैकीच्या पैकी, आणि बाळाला धोका तेवढाच.

पहिलं बाळंतपण माहेरी, हीही तशीच रीत. सातव्या महिन्यात वेल्ह्याच्या डोंगरातली लेक शिवऱ्याहून माहेरी जाते. नाव एका केंद्रात, तपासणी दुसरीकडे, बाळंतपण तिसरीकडे, गोळ्या चौथ्या ठिकाणाहून आणायच्या. त्या आणायला कुणासोबत जायचं? भावाला सांगितलं तर भावजयीला कळणार, भावजयीला कळलं की आळीला. भोर-वेल्ह्याच्या घरांतले कितीतरी पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला हमाली-माथाडीत राहिले, आता निम्मे हायवेवरच्या गाड्यांवर आणि शिंदेवाडी-ससेवाडीच्या कंपन्यांत आहेत. घरी कधी येतील ते त्यांच्या हातात नसतं, हे मान्य. म्हणून तर त्यांची तपासणी बाईच्या रक्तावरून गृहीत धरून चालत नाही.

वैद्यकीय कारण तर याहून पक्कं आहे. बाईची तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली, निकाल निगेटिव्ह. सगळे निश्चिंत. नवऱ्याची तपासणी नाही. समजा त्याला संसर्ग आहे आणि त्याचं त्याला माहीत नाही. सहाव्या महिन्यात किंवा बाळ अंगावर पीत असताना तो तिच्यापर्यंत पोचला, तर नव्या संसर्गात रक्तातला विषाणू सगळ्यात जास्त असतो आणि बाळाला धोकाही तेव्हा सगळ्यात जास्त. कार्डावर मात्र निगेटिव्हच लिहिलेलं. नवऱ्याची तपासणी ही बायकोवर केलेली मेहेरबानी नाही, तिच्याविना बाळाचं संरक्षण अर्धवट राहतं. जोडीदाराची तपासणी करावी असं सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पण बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला आत बोलावण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा शब्द: अस्पृश्यता. संविधानाच्या १७व्या कलमाने ती नष्ट केली आणि तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध केलं. त्यातल्या जातीच्या अर्थाबद्दल आपल्याला शिकवायची गरज नाही. पण एचआयव्ही असलेल्या बाळंतिणीचं ताट वेगळं, बाळाला उचलायला कुणी तयार नाही, खाजगी दवाखाना म्हणतो 'आमच्याकडे सोय नाही, पुढे न्या', फाइलवर लाल खूण: हे सगळं आपण कुठेतरी पाहिलंय ना? आजीच्या तोंडून ऐकलंय ना? 'सोय नाही' ही थाप आहे. हातमोजे आणि सुया-रक्त हाताळायची काळजी प्रत्येक बाळंतपणात सारखीच घ्यायची असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. आणि बाळंतपणानंतर ती खोली धुवायला कोण येतं, तेही बघा. बहुतेकदा आपल्याच वस्तीतली बाई, कित्येकदा बिनमोज्याच्या हाताने. तिच्या मोज्यांसाठी आपण कधी निवेदन दिलंय?

ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७, हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तो किती जणांनी वाचलाय? त्यात दवाखान्यात, नोकरीत, शाळेत, भाड्याच्या घरात भेदभावाला बंदी आहे. तपासणीआधी माहिती देऊन संमती घ्यायची, आधी आणि नंतर समुपदेशन करायचं, असं त्यात लिहिलंय. गरोदर बाई त्याला अपवाद नाही. 'रक्त द्या' म्हणून चार बाटल्या भरणं म्हणजे संमती नव्हे. आणखी एक तरतूद बारकाईने बघा. जोडीदाराला संसर्गाची कल्पना डॉक्टर किंवा समुपदेशक ठराविक अटींवर देऊ शकतात, पण त्यामुळे मारहाण होईल किंवा तिला घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर कळवायचं नाही. विशेषतः बायकांच्या बाबतीत. आपल्या कार्यकर्त्यांनी हे आधी समजून घ्यावं, कारण आपल्यात उत्साहाच्या भरात 'मदत' करायला जाऊन नाव फोडणारेही आहेत.

एक आक्षेप मला आमच्याच बैठकीत ऐकावा लागला. "आधीच आपल्या वस्तीकडे बोट दाखवतात, त्यात हा विषय कशाला? आपल्या समाजाचं नाव या रोगाला चिकटेल." ही भीती खोटी नाही. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण लपवल्याने बोट खाली येतं का? वस्तीचं नाव झाकायला आपण जे पांघरूण घेतो त्याच्या आत एक बाई एकटी गोळी गिळत असते, डबीवरचं लेबल फाडून. समाजाच्या अब्रूसाठी बाईने गप्प बसायचं, हा विचार मनूचा आहे, आपला नव्हे. दुसरे म्हणतात, आता रुग्ण कमी झालेत. झालेत, आणि ते या कार्यक्रमाचं यश आहे, मी ते नाकारणार नाही. पण तालुक्यात पन्नास जणी असतात तेव्हा त्या एकमेकींना सापडतात. दोघी-तिघीच उरल्या की प्रत्येकीला वाटतं, जगात मी एकटीच.

बाबासाहेबांना हा विषय 'बायकांचा' वाटला नव्हता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले, बाळंतपणाआधी आणि नंतर कामकरी बाईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे म्हणाले. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा लैंगिक प्रश्नांची उत्तरं छापणाऱ्या त्या माणसाच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधिमंडळात मांडला आणि तो फेटाळला गेला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायकांना सांगितलं की नवऱ्याच्या बरोबरीने मैत्रीण म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका. शरीर, मूल, संबंध हे शब्द त्या काळात उच्चारायला धाडस लागायचं. आपण मात्र विहारात हा विषय निघाला की म्हणतो, "तो महिला आघाडीकडे द्या."

माझं म्हणणं आपल्या तरुणांशी आहे, पुरुषांशी. एक डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, आणि पाच दिवसांनी आपण चैत्यभूमीला निघतो. त्या आठवड्यात वस्तीत सभा होतातच, वर्गणी निघतेच, गाड्या ठरतातच. त्या सभेत एक पुरुष उभा राहून म्हणू शकतो की मी तपासणी करून आलोय. निकाल सांगायची गरज नाही, कुणी विचारायचीही नाही. बौद्ध पद्धतीने लग्नं लावताना आपण अभिमानाने म्हणतो की पत्रिका नाही, हुंडा नाही. मग पत्रिकेच्या जागी मुलगा आणि मुलगी दोघांनी स्वेच्छेने तपासणी करून यावं, असा आग्रह आपल्या लग्नसमितीने का धरू नये? सक्ती नको. सक्ती केली की ती फक्त मुलीवर होणार, हे अनुभवाने माहीत आहे. आणि निकाल पॉझिटिव्ह आला म्हणजे माणूस संपला, असं समजणाऱ्याने आधी उपचार घेत संसार करणारी, निरोगी मुलं वाढवणारी जोडपी भेटून यावं. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवा. रोज फिरणाऱ्या पोस्टपेक्षा जास्त कामाला येईल.

मी शिवऱ्याहून आल्यावर आठवड्याभराने तपासणीला गेलो. समुपदेशन केंद्राच्या दारात कर्मचाऱ्याने माझ्या मागे बघत विचारलं, "मिसेस कुठे आहेत? पेशंट कोण?" म्हटलं, मीच. त्याने रजिस्टर उघडलं. माझ्या आधीच्या पानावर सगळ्या बायकाच असाव्यात असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. पान बघायचा मला अधिकार नव्हता, म्हणून नजर दुसरीकडे वळवली.

पुढच्या महिन्यात शिवऱ्यात पुन्हा बैठक आहे. मावशींनी ताईंना फोनवर एक अट घातलीय: या वेळी आम्हाला काही सांगू नका, आमचे नवरे बसवून ठेवतो, त्यांना विचारा. रविवार धरलाय, कारण त्या दिवशी कंपनीला सुट्टी असते. गाडीवर जाणाऱ्यांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.